जुनी होडी, नवे तूतक

पावसाळा जवळ आला की गोव्याच्या किनाऱ्यावरील दृश्य पालटते. शापोरा, मालीम, वास्कोचा खारीवाडा, कुटबण, बेतूल या धक्क्यांवर आठ-नऊ महिने अखंड ये-जा करणाऱ्या होड्या विसावतात. काही नदीच्या आडोशास नांगरून राहतात, तर काही काठावर ओढल्या जाऊन झापांच्या आच्छादनाखाली जातात. गोव्यात १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारी करण्यास बंदी असते. माशांच्या पैदाशीचा हा काळ, आणि खवळलेल्या समुद्राचाही. होडीच्या मालकाला मात्र हा काळ विश्रांतीचा नसतो. वर्षभराची डागडुजी याच दिवसांत उरकावी लागते, आणि ती उरकताना घरात पैसा येत नसतो.

आमच्या शाळेतील पुष्कळ विद्यार्थी अशा घरांतून येतात. ‘यंदा डेक काढावेच लागेल’ असे वडिलांनी म्हटले की घरातील सारे हिशोब नव्याने मांडावे लागतात, हे त्यांना ठाऊक आहे. होडीच्या ज्या भागाला आज सारे ‘डेक’ म्हणतात त्याला मराठीत ‘तूतक’ असा जुना शब्द आहे. जुन्या लाकडी होडीचे तूतक थोडक्या खर्चात कसे बदलता येते, कोठे काटकसर करावी आणि कोठे मुळीच करू नये, हे या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे. यात सुतारकाम तर आहेच, पण वर्गात शिकलेले पदार्थविज्ञान, वनस्पतिशास्त्र आणि क्षेत्रफळाचे गणितही आहे.

तूतक कशासाठी?

होडीची रचना प्रथम डोळ्यांपुढे आणू या. तळाशी नाळेपासून पिछाडीपर्यंत गेलेला लांब, जाड वासा म्हणजे ‘पठाण’. तो होडीचा कणा होय. त्यातून दोन्ही बाजूंस बरगड्यांप्रमाणे वर चढलेली बाकदार लाकडे म्हणजे ‘वांक’. वांकांवर बाहेरून फळ्या ठोकल्या की होडीची कूस तयार होते. दोन्ही कुशींच्या वरच्या काठांना जोडणाऱ्या आडव्या तुळया असतात आणि त्या तुळयांवर अंथरलेल्या फळ्या म्हणजे तूतक.

तूतक म्हणजे माणसांनी उभे राहण्याची जागा, एवढाच अर्थ सामान्यतः घेतला जातो. तो अपुरा आहे. चपलांचा पुठ्ठ्याचा खोका घ्या. झाकण काढून त्याची दोन टोके हातांत धरून पिळा; तो सहज वेडावाकडा होईल. आता झाकण घट्ट चिकटवून पुन्हा पिळा. तो हट्टाने आपला आकार राखील. होडीचेही तसेच आहे. लाटेवर चढताना नाळ एकीकडे आणि पिछाडी दुसरीकडे वळू पाहते. त्या पिळाला विरोध करणारे झाकण म्हणजे तूतक. आडव्या तुळया कुशींना आत दबण्यापासून व बाहेर फाकण्यापासून आवरतात. शिवाय ट्रॉलरवर जाळे ओढण्याचे यंत्र, म्हणजे विंच, याच तूतकावर बोल्टांनी घट्ट बसविलेले असते. भरलेले जाळे खडकात अडकले म्हणजे सारा ताण त्या बोल्टांवर आणि बोल्टांखालच्या लाकडावर येतो. ते लाकूड आतून भुसभुशीत झालेले असेल, तर विंच जागेवरून उखडते आणि जवळ उभ्या असलेल्या खलाशाच्या जिवावर बेतते. तूतकाचा प्रश्न पैशाचा आहे तसा तो माणसांच्या जिवाचाही आहे, तो असा.

लाकूड का कुजते?

होडी रात्रंदिवस समुद्राच्या पाण्यात असते. मग तळाआधी तूतक का कुजावे, असा प्रश्न चिकित्सक विद्यार्थ्याच्या मनात येईल. लाकूड कुजते ते पाण्याने नव्हे. ते कुजविते बुरशी. बुरशीला वाढण्यास ओलावा लागतो तशी हवाही लागते. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी वाढत नाही. उलट लाकूड पाण्यात पूर्ण बुडालेले असेल तर तिला हवा मिळत नाही. खाऱ्या पाण्यातील मीठही तिला मानवत नाही. म्हणून होडीचा तळ बुरशीपासून बराचसा सुरक्षित असतो. तेथला शत्रू वेगळा, लाकूड पोखरणारा समुद्रकिडा.

तूतकावर मात्र बुरशीला हवे ते सारे मिळते. पावसाचे गोडे पाणी वरून पडते. मासे टिकविण्यासाठी आणलेला बर्फ वितळून त्याचे गोडे पाणी खणाच्या झाकणाभोवती मुरते. हवा तर चारही बाजूंनी आहेच. फळ्यांच्या सांध्यांत, तुळयांच्या टोकांत आणि खिळ्यांच्या भोकांत हे पाणी शिरते आणि सावलीत असल्याने सुकत नाही. जुने तांडेल रोज संध्याकाळी तूतकावर समुद्राचे खारे पाणी शिंपडीत. त्यामुळे फळ्या फुगून फटी मिटत आणि मिठाने बुरशीला आळा बसे. पुस्तक न वाचता त्यांनी हे शास्त्र आत्मसात केले होते.

लोखंडी खिळे हे दुसरे कारण. ओल्या, खारट लाकडात लोखंड गंजते, गंज फुगतो, आणि खिळ्याभोवतीचे लाकूड काळे पडून मऊ होते. मग खिळा दिसतो जागेवर, पण धरीत काहीच नाही. आपल्या किनाऱ्यावरील रापणीच्या जुन्या होड्यांच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. त्या होड्यांना हा रोग ठाऊकच नव्हता.

आधी तपासणी, मग खर्च

काटकसरीची पहिली पायरी म्हणजे नेमके काय बिघडले आहे हे जाणून घेणे. यासाठी लागणारी हत्यारे दोनच: एक अणकुचीदार टोचा आणि एक लहान हातोडी. हातोडीने ठोकल्यावर निरोगी लाकूड खणखणीत आवाज देते. कुजलेले लाकूड भद्द वाजते. टोचा चांगल्या लाकडात जेमतेम शिरतो आणि उपसून काढताना लांब, चिवट धागा निघतो. कुजलेल्या लाकडात तो सहज रुततो आणि निघणारा तुकडा बिस्किटासारखा मोडतो.

एक काम येथे शाळकरी मुलानेही करण्यासारखे आहे. चौकटीच्या कागदावर तूतकाचा नकाशा काढावा. एक चौकट म्हणजे २५ सेंटिमीटर. प्रत्येक ठिकाणी टोचून पाहून चांगली जागा कोरी सोडावी आणि वाईट जागा तांबड्या पेन्सिलीने रंगवावी. खणाच्या झाकणाभोवती, कठड्याच्या खांबांच्या बुडाशी, विंचाखाली आणि दोन्ही काठांलगत तांबडा रंग अधिक दिसेल. त्यानंतर होडीच्या आत उतरून खालून तुळया तपासाव्यात. तुळयांची टोके मधल्या भागाआधी कुजतात. लाकडाच्या आडव्या कापातून पाणी नळीतून शोषावे तसे आत शिरते, आणि ती टोके नेमकी कुशीच्या कोपऱ्यात, वारा न लागणाऱ्या ठिकाणी असतात.

हा नकाशा समोर असला की निर्णय सोपा होतो. तांबडा भाग एक-तृतीयांशाहून कमी आणि एका ठिकाणी गोळा झालेला असेल, तर तेवढ्याच फळ्या बदलाव्यात. तो निम्म्याहून अधिक आणि विखुरलेला असेल, तर सारे तूतक काढणे हेच अखेरीस स्वस्त पडते. जुन्या फळ्यांमध्ये नवी फळी बसविण्यास वेळ अधिक लागतो, आणि मजुरी वेळाची असते.

थोडे गणित

उदाहरणादाखल १० मीटर लांब व ३ मीटर रुंद होडी घेऊ. गुणाकार ३० चौरस मीटर होतो. पण होडी नाळेकडे निमुळती असते, म्हणून त्याच्या तीन-चतुर्थांश, म्हणजे २२.५ चौरस मीटर धरावे. माशांचा खण, केबिन व इंजिनाचे दार यांसाठी ४.५ वजा करता १८ चौरस मीटर तूतक उरते.

फळी ३ सेंटिमीटर जाड घेतल्यास लाकडाचे घनफळ ०.५४ घनमीटर होईल. कापताना व रंधताना लाकूड वाया जाते, त्यासाठी एक-चतुर्थांश अधिक धरले तर ०.६७५ घनमीटर, म्हणजे वखारीच्या भाषेत सुमारे २४ घनफूट. फळी १२ सेंटिमीटर रुंद असेल तर सांध्यांची एकूण लांबी १८ भागिले ०.१२, म्हणजे १५० मीटर. तुळया ४५ सेंटिमीटर अंतरावर असतील, आणि प्रत्येक फळीला प्रत्येक तुळईवर दोन खिळे मारावयाचे असतील, तर सुमारे ६७० खिळे लागतील.

भाव दर वर्षी बदलतात, म्हणून रुपयांचे आकडे आम्ही देत नाही. पण हे तीन आकडे हाती असले की वखारवाला, लोखंडवाला आणि मेस्त्री या तिघांशीही नेमके बोलता येते. अंदाजपंचे लाकूड आणणाऱ्याचे एकतर उरते, नाहीतर ऐन वेळी कमी पडून चढ्या भावाने आणावे लागते. पैसा वाया जाण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे.

कोणते लाकूड?

सागवानाला या कामात तोड नाही. त्यातील नैसर्गिक तेलामुळे ते कुजत नाही, उन्हापावसात फारसे आकुंचन-प्रसरण पावत नाही आणि लोखंडालाही बाधत नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी सागवानाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडातील हार्टलपूल येथे तरंगताना पाहावयास मिळते. पण सागाचा भाव सर्वांना परवडणारा नाही. अशा वेळी फणस, पातफणस व आईन ही लाकडे उपयोगी पडतात. केरळात ‘अंजिली’ नावाने ओळखला जाणारा पातफणस तर होड्यांसाठी फार पूर्वीपासून नावाजलेला आहे. गोव्यात ‘माटी’ या नावाने परिचित असलेला आईन जड व मजबूत असल्याने तुळयांना चांगला. मात्र तो नीट सुकविला नाही तर चिरा पडतात. आंब्याचे लाकूड स्वस्त मिळते, पण ते लवकर कुजते. तूतकासाठी ते घेणे म्हणजे तीन-चार वर्षांनी हाच लेख पुन्हा वाचण्याची तयारी ठेवणे होय.

झाडाच्या नावापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट आहे. खोडाचा बाहेरचा फिकट भाग म्हणजे रसकाष्ठ आणि आतील गडद भाग म्हणजे अंतःकाष्ठ, हे वनस्पतिशास्त्राच्या तासाला आपण शिकतो. टिकाऊपणा असतो तो अंतःकाष्ठात. कोणत्याही झाडाचे, अगदी सागाचेही, रसकाष्ठ बुरशीला सहज बळी पडते. म्हणून ‘स्वस्त साग’ म्हणून पांढरट कडांच्या फळ्या कोणी देऊ लागला, तर त्यापेक्षा फणसाचा पिवळाधमक गाभा शतपटीने बरा. होडीच्या काठाची फळी आणि खणाच्या तोंडाभोवतीची चौकट यांवर पाणी अधिक साचते. तेवढ्या जागी साग वापरावा आणि मधल्या भागात फणस, ही काटकसर शहाणपणाची होय.

प्लायवूड हा दुसरा मार्ग आहे. त्यासाठी भारतीय मानक ७१० चा शिक्का असलेले, समुद्री उपयोगाचे प्लायवूडच घ्यावे. घरच्या कपाटाचे प्लायवूड एका पावसाळ्यात पापुद्रे सोडते. १२ मिलिमीटरचे दोन थर, वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येणार नाहीत असे चिकटवून, त्यांवर काचतंतूंचे कापड व राळरस यांचे आवरण चढवितात. आठ फूट बाय चार फुटांचा एक तक्ता जवळजवळ ३ चौरस मीटर भरतो. नासधूस धरून एका थरास आठ तक्ते लागतील. याचा मोठा लाभ म्हणजे १५० मीटर सांधे भरण्याची कटकट नाहीशी होते. मात्र कापलेली प्रत्येक कड आणि पाडलेले प्रत्येक भोक राळरसाने बंद केलेच पाहिजे. कोची येथील केंद्रीय मत्स्यिकी प्रौद्योगिकी संस्थेने, जिची स्थापना १९५७ साली झाली, रबराच्या झाडाच्या स्वस्त लाकडावर रासायनिक प्रक्रिया करून आणि वर काचतंतूंचे आवरण देऊन लहान होड्या बांधून दाखविल्या आहेत. नीट प्रक्रिया केली तर हलके मानलेले लाकूडही कामास येते, हे त्यावरून दिसून येते.

लाकूड सुकविण्याची घाई नको

बंदीचे दिवस जूनमध्ये सुरू होतात म्हणून लाकूड मेच्या अखेरीस आणण्याची पुष्कळांची रीत आहे. ती महागात पडते. ओले लाकूड सुकताना आकसते. लांबीत हा फरक नगण्य असतो, पण रुंदीत तो जाणवतो. फळी रुंदीत केवळ २ टक्के आकसली, तर २० सेंटिमीटरच्या फळीशेजारी ४ मिलिमीटरची फट पडते. १२ सेंटिमीटरच्या फळीशेजारी ती अडीच मिलिमीटरच्या आत राहते. अरुंद फळ्यांचे सांधे अधिक असूनही अनुभवी कारागीर त्याच का पसंत करतात, याचे उत्तर येथे आहे. लहान फट भरण सांभाळून घेते, मोठी फट त्याला सोडून देते.

म्हणून लाकूड दिवाळीनंतर घ्यावे. सावलीत, जमिनीपासून वर, दोन फळ्यांमध्ये पट्ट्या घालून रचावे, म्हणजे वारा खेळता राहील. ते किती सुकले हे पाहण्याची रीत सोपी आहे. एक लहान तुकडा कापून त्याचे वजन करावे, तो मंद आचेच्या भट्टीत वजन घटणे थांबेपर्यंत सुकवावा आणि पुन्हा वजन करावे. प्रथम ५०० ग्रॅम आणि अखेरीस ४०० ग्रॅम भरले, तर घट १०० ग्रॅम. ती कोरड्या वजनाशी ताडता ओलावा २५ टक्के. असे लाकूड अद्याप कामाचे नाही. दहावीच्या विद्यार्थ्याने हा प्रयोग घरी करून वडिलांना आकडा सांगितला, तर त्याच्या शिक्षणाचा त्याच वर्षी घरास उपयोग झाला असे म्हणावे लागेल.

कामाचा क्रम

प्रथम होडी सरळ उभी करून पठाणाखाली आणि दोन्ही कुशींना भक्कम टेकू द्यावेत. होडीची रुंदी नाळेजवळ, मध्यावर आणि पिछाडीजवळ अशी तीन ठिकाणी मोजून लिहून ठेवावी. मग कुशींना जोडणारे तात्पुरते वासे आडवे बांधावेत आणि त्यानंतरच फळ्या उखडाव्यात. झाकण काढलेल्या खोक्याची आठवण येथे ठेवावी. सर्व तुळया एकदम काढल्या तर होडी फाकते आणि तिचा आकार पुन्हा मिळत नाही. एक तुळई काढावी, नवी बसवावी, मग दुसरीस हात घालावा. रोज सकाळी ती तीन मापे घ्यावीत. एका बोटाचाही फरक पडला तर काम थांबवून टेकू तपासावेत.

तुळईचे केवळ टोक खराब असेल तर ती सारी काढण्याची आवश्यकता नसते. कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापून टाकावा आणि तिच्या शेजारी पुरेशा लांबीची दुसरी तुळई बोल्टांनी जखडून टाकावी. येथे मोठी बचत होते. तूतकाला मध्यभागी किंचित उंचवटा हवा, म्हणजे पाणी दोन्ही काठांकडे वाहून जाते. रुंदीच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतका उंचवटा पुरतो. आपल्या उदाहरणातील होडीस तो ६ सेंटिमीटर येईल. नवी तुळई सरळ बसविली तर त्या जागी डबके साचेल आणि नव्या लाकडासही तोच रोग जडेल.

तुळया उघड्या असतानाच त्यांवर जंतुनाशक लेप द्यावा. टाकणखार व बोरिक आम्ल यांचे द्रावण लाकडात खोल मुरते. ते सुकल्यावर वरून तेलाचा हात द्यावा, नाहीतर पाण्याने ते धुऊन जाते. आपल्याकडे काजूच्या कवचाचे तेल यासाठी पूर्वापार वापरतात. ते गुणकारी आहे, पण अंगास लागल्यास फोड येतात. हातमोजे वापरावेत आणि लहान मुलांना दूर ठेवावे.

आता फळ्या. प्रत्येक फळीचे टोक तुळईवरच टेकले पाहिजे, आणि शेजारच्या फळीचे टोक त्याच तुळईवर येता कामा नये. भिंत बांधताना गवंडी विटांचे सांधे चुकवितो, तसेच हे. खिळ्यांसाठी आधी बारीक भोक पाडावे, म्हणजे फळी फाटत नाही. खिळे जस्ताचा दाट मुलामा दिलेले असावेत. तांबे व लोखंड एकाच ठिकाणी वापरू नये. खाऱ्या पाण्यात त्यांची विद्युतघटासारखी जोडी जमते आणि लोखंड झपाट्याने झिजते. खिळ्याचे डोके फळीत थोडे खाली बसवून वर लाकडी बूच ठोकावे.

सांधे भरणे हा या कामाचा प्राण आहे. पोर्तुगीज भाषेत हे काम करणाऱ्यास ‘कालाफाते’ म्हणतात, आणि त्याचाच भाऊबंद असलेला ‘कलापाती’ हा शब्द हिंदी खलाशांच्या बोलीत रुळला. दोन फळ्या खाली एकमेकींस भिडतात आणि वर त्यांच्यात थोडे उघडे तोंड ठेवलेले असते. त्या तोंडात सुताचा सैल पीळ बोथट पटाशीने व लाकडी मोगरीने ठासतात. तो फार सैल राहिला तर पाणी झिरपते. फार ठासला तर फळ्या फाकतात किंवा सूत खाली निसटते. जाणता कारागीर मोगरीच्या आवाजावरून ओळखतो. सूत बसले की वर राळ व तेल यांचे कढवलेले मिश्रण भरतात. १५० मीटर सांध्यांचे हे काम कंटाळवाणे खरे, पण घरच्या माणसांनी मेस्त्रीच्या देखरेखीखाली करण्यासारखे आहे. मजुरी वाचविण्याची खरी जागा हीच. रंधणे, घासणे, लेप देणे आणि सूत वळणे घरच्यांनी करावे. तुळया बसविणे मेस्त्रीवर सोपवावे.

खोटी काटकसर

काही काटकसरी अशा आहेत की त्या महागड्या खर्चाहून घातक ठरतात. जुन्या कुजक्या तूतकावरच नवे प्लायवूड ठोकून मोकळे होणे ही त्यांतील पहिली. दिसावयास होडी नवी दिसते. पण खाली बुरशी जिवंत असते, आणि आता वारा लागत नसल्याने तिला अधिकच सोयीचे होते. खिळ्यांना धरण्यास घट्ट लाकूड नसते. शिवाय १२ मिलिमीटरचे प्लायवूड १८ चौरस मीटर अंथरले तर सुमारे १५० किलो वजन वाढते. हे वजन खणात, तळाशी असते तर फारसे बिघडले नसते. ते वर असल्याने होडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो, ती अधिक कलते आणि कलल्यावर उशिरा सावरते. दोन माणसे कायमची तूतकावर उभी करून वादळात शिरण्यासारखे ते आहे.

ओल्या लाकडावर काचतंतूंचे आवरण चढविणे ही दुसरी. आत कोंडलेला ओलावा बाहेर पडू शकत नाही आणि आवरणाखाली लाकडाचा भुगा होतो. पाणी बाहेर जाण्याची काठावरील भोके रंगाने वा डांबराने बुजू देणे ही तिसरी. तिला एक पैसाही खर्च नाही, आणि तिच्यामुळे होणारे नुकसान सर्वांत मोठे.

बंदी उठण्यापूर्वी तूतकावर बादल्यांनी पाणी ओतावे आणि एकाने आत दिवा घेऊन बसावे. जेथे थेंब दिसेल तेथे खडूने खूण करावी. ही परीक्षा धक्क्यावरच घ्यावी. समुद्राने घेतली तर ती फार कठोर असते.

१९६१ साली गोवा मुक्त झाल्यानंतरच्या वर्षांत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्या वाढत गेल्या, आणि आता काचतंतूंच्या होड्याही सर्वत्र दिसतात. लाकूड तासून होडी घडविणारे हात दिवसेंदिवस विरळ होत आहेत. ज्यांच्या घरी अशी होडी आहे, त्या विद्यार्थ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, येत्या मे महिन्यात मेस्त्री टोचा घेऊन आला म्हणजे चौकटीचा कागद व तांबडी पेन्सिल घेऊन त्याच्यामागे उभे राहावे. तो का ठोकतो, कोठे थांबतो, कशावर मान हलवितो, हे विचारून घ्यावे आणि लिहून ठेवावे. त्याचे ज्ञान कोणत्याही क्रमिक पुस्तकात छापलेले नाही, आणि नव्या तूतकावर पाय ठेवून ऑगस्टात समुद्रात जाणारी माणसे तुमच्याच घरची आहेत.